फुलाबाईचा पट्टा, मालनबाईचं पीक

"डोळे फुटले का वो बाई तुमचे? हा पट्टा मपला हाय!"

फुलाबाई काठावरून ओरडतच खाली उतरली, तेव्हा मालनबाई कोथिंबिरीतलं गवत उपटत बसली होती. कोथिंबीर वीतभर वर आली होती. फुलाबाई तिची धाकटी जाऊ. लेकीच्या बाळंतपणाला वणीला गेली होती, ती परतून बघते तर तिच्या पट्ट्यात थोरल्या जावेचं पीक.

"तुपला तो पल्याडचा, मोकळा," मालनबाई मान वर न करता म्हणाली. "म्या रेषा धरून पेरलंय."

"कशाची रेषा धरली? माह्या कपाळाची?"

धरणाचं पाणी उतरायला लागलं, की बुडालेल्या गावांची जमीन गाळ अंगावर घेऊन वर येते. त्या गाळात पेरायचं आणि पावसाळ्यात पाणी परत चढेस्तोवर काढून घ्यायचं, ही गाळपेर. ज्यांची गावं धरणात गेली त्यांना ती एकेका वर्षाच्या कराराने मिळते. म्हणजे आपल्याच शेतात दरसाल पाहुणं म्हणून यायचं. करारावर पट्ट्यांचे क्रमांक असतात, चिखलावर नसतात. पाणी बांधही ठेवत नाही आणि दगडही. म्हणून बायका एक डोळा मिटून उभ्या राहतात, पलीकडच्या डोंगराची खाच आणि अलीकडच्या काठावरचा उंबर एका रेषेत धरतात आणि त्या रेषेवर चालत सुटतात. दोघींना हे एकाच सासूनं शिकवलं होतं, आणि एकीला जास्त प्रेमानं शिकवलं असा दोघींचाही आरोप होता.

अलीकडच्या काठावर आता अमोलशेठचा बंगला होता. शहरात पुरेशा इमारती बांधून झाल्या की माणसाला निसर्गाची ओढ लागते, तशी ती अमोलशेठना लागली होती. उंबर त्यांच्या निसर्गाच्या आड येत होता, म्हणून तो गेला. त्याच्या बुंध्यावरच एक निळा खांब उभा राहिला. बंगल्याच्या जेटीला अंधारात होडी लावता यावी म्हणून वर दिवा. उंबर गेला तरी जागा तीच, असं म्हणून बायका खांब धरू लागल्या. यंदा खांब पोहण्याच्या तलावाच्या फोटोत येतो म्हणून एक पट्टाभर बाजूला सरकवण्यात आला. हे मालनबाईला कोणी कळवलं नाही. कळवायचं तरी कशाला? खांब त्यांचा होता.

फुलाबाईनं हाताला धरून तिला काठावर नेलं आणि हिरवळीत दडलेला उंबराचा खुंट दाखवला. मालनबाईनं एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग दोन्ही उघडे ठेवून तशीच उभी राहिली.

"आता कबूल करा की," फुलाबाई म्हणाली.

"करीन. आधी तुपलं तोंड मिटू दे."

मग जे व्हायचं ते झालं. सासूपासून सुरुवात झाली आणि बऱ्याच मागच्या पिढ्यांपर्यंत मजल गेली. वर बंगल्याच्या गच्चीत अमोलशेठ फोन धरून उभे होते. "चालू द्या, चालू द्या," ते कौतुकानं म्हणाले.

त्यांना कौतुक असायला कारण होतं. पाणी आटलं की त्यांची जेटी चिखलात बसे. पाण्यापर्यंत पोचायचं तर गाळपेरीतून फळ्यांची वाट टाकायला हवी, आणि ती वाट नेमकी मालनबाईच्या कोथिंबिरीवरून जात होती. बाकीच्या बंगलेवाल्यांच्याही अशाच वाटा अडल्या होत्या. त्यासाठीच त्या आठवड्यात एका रिसॉर्टच्या लॉनवर काठ व्यवस्थापनाची बैठक भरली. बंगलेवाल्यांना सोफे होते. गावकऱ्यांना सतरंजी होती, कारण त्यांना खाली बसायची सवय असते.

सुरुवात पर्यावरणानं झाली. काठावर कपडे धुतल्यानं शहराच्या पिण्याच्या पाण्यात साबण जातो, हे सांगताना एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

"आणि होडीतलं डिझेल?" भिमाजीनं, फुलाबाईच्या नवऱ्यानं, विचारलं.

"ते इंजिन जर्मन आहे," अमोलशेठ म्हणाले.

भिमाजीनं मान डोलावली. जर्मन डिझेल शहरातल्या लोकांना सोसत असेल.

मग अमोलशेठ उभे राहिले. पाणी कोणा एकाचं नसतं, ते सगळ्यांचं असतं, असं ते म्हणाले, आणि म्हणून सगळ्यांनी आपापली खाजगी जेटी बांधायला हवी. आपण गाळपेरीच्या विरोधात नाही. फक्त ज्या पट्ट्यांचा मालक कोण हे गावालाच ठाऊक नाही, ते रिकामे धरून त्यांतून वाटा द्याव्यात. "पुरावा आहे माझ्याकडे," असं म्हणून त्यांनी पडद्यावर भांडण लावलं.

दोघी जावा भिंतीएवढ्या मोठ्या झाल्या. सोफ्यांवर हशा पिकला. स्वतःच्या तोंडून निघालेली एक शिवी लाउडस्पीकरवर ऐकून मालनबाईनं पदर तोंडावर घेतला.

पाटबंधारे खात्याकडून आलेल्या उज्वला मॅडम मात्र हसल्या नाहीत. सकाळपासूनची ही त्यांची तिसरी बैठक होती. "मावशी, रडू नका. एवढंच सांगा, तो पट्टा कोणाचा? तुमच्यातल्या कोणीही एकीनं ठामपणे सांगा, मी वाट दुसरीकडून न्यायला सांगते."

मालनबाई उठली. रागानं तिनं पदर कमरेला खोचला. इतक्या लोकांसमोर खोटं पडायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. चूक आपली, खांब धरला तो आपण. खरं बोललं की जमीन निदान घरात राहील.

"हिचा," ती म्हणाली. "फुलीचा."

त्याच दमात फुलाबाईही उठली होती. तिचंही ठरलं होतं. थोरली जाऊ विधवा, तिचं हातातोंडाशी आलेलं पीक; पट्टा तिचाच म्हटलं की पीक वाचेल.

"नाय मॅडम, ह्यांचा. म्या उगी भांडले."

"गप गं! तुपलाच हाय."

"मपला नाय म्हणते ना मी! बाई, बसा तुम्ही खाली!"

"तू बस!"

सोफ्यांवर पुन्हा हशा पिकला, या वेळी जास्त मनमोकळा. उज्वला मॅडमनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांना समजलं असावं; पण जे समजतं ते नोंदवता येतंच असं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि शेजारच्या कारकुनाला हळू आवाजात सांगितलं, "लिहा. सदर पट्ट्यावर कोणीही हक्क सांगितला नाही."

"अवो, दोघींनी एकमेकींचा सांगितला की!" भिमाजी ओरडला. तोपर्यंत चहा आला होता.

परतीच्या वाटेवर दोघी पुढेमागे चालत होत्या. फुलाबाई म्हणाली, "तुमाला कोणी सांगितलं होतं खरं बोलायला?"

"आन् तुला खोटं?"

पुढच्याच आठवड्यात फळ्या आल्या. माणसांनी त्या खुंट्यांवर टेकवत काठापासून पाण्यापर्यंत नेल्या. कोथिंबीर काढून घ्यायला मुदत द्यावी का, असा प्रश्न निघाला नाही, कारण रिकाम्या पट्ट्यात कोथिंबीर नसते.

रविवारी अमोलशेठचे पाहुणे नारिंगी जाकिटं घालून वाटेवरून निघाले, तर मध्येच वाट अडली होती. फळीवर मालनबाई पालथी पडली होती. खांद्यापर्यंत हात फटीतून खाली घालून ती चाचपून चाचपून कोथिंबीर उपटत होती. उन्हावाचून पिवळट झालेली, चिखलानं माखलेली काडी न् काडी ती वर काढत होती. समोरच्या फळीवर तशीच पालथी फुलाबाई होती.

"एक्सक्यूज मी," एक मुलगी म्हणाली.

मालनबाईनं ऐकलं. तिनं हात बाहेर काढला, मुळांचा चिखल झटकला. त्यातला थोडा पांढऱ्या बुटांवर उडाला. मग ती उठून बसली आणि मांडीवर काड्या जुळवू लागली.

"आजी, प्लीज. बोट थांबलीय."

मालनबाईनं फुलाबाईकडे हात केला. फुलाबाईनं कमरेचं सुतळीचं बंडल तिच्याकडे टाकलं. मालनबाईनं सुतळीचा तुकडा दातानं तोडला, जुडीला दोन वेढे दिले, गाठ आवळली, सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.