सीलबंद कॅमेऱ्याची गोष्ट

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. पण लग्नातले किंवा सहलीतले फोटो मी कधी काढले नाहीत. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांत आत, अगदी मागच्या पडद्यापर्यंत डोकावायचं आणि तिथलं चित्र काढायचं, एवढंच माझं काम. अशा इवल्या बाळांच्या पडद्यावरच्या नसा कधी कधी वेड्यावाकड्या वाढतात. वेळेत दिसलं तर उपचार होतो. नाही दिसलं, तर जन्मभराचा अंधार.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या देशात झाला. माझं भिंग एका अभियंत्यांनी घडवलं; ते तेव्हाच पिकल्या केसांचे होते. त्यांची बायको तान्ह्या बाळांच्या दवाखान्यात परिचारिका. "आयुष्यभर भिंगं घासलीत, आता एखादं माझ्या बाळांसाठी घासा," असं टुमणं तिने त्यांच्यामागे लावलं आणि त्यातून मी झालो.

पुढे अभियंते मला पेटीत घालून इकडे घेऊन आले. इथे वैद्यकीय यंत्रांचा कारखाना चालवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे ताई म्हणतात. माझ्यासारखे कॅमेरे इथेच तयार व्हावेत, भिंग घडवण्याची विद्याही इथे यावी, अशी त्यांची इच्छा. लांबलचक टेबलावर मधोमध मला ठेवलं आणि बोलणी सुरू झाली. बोलणी कसली, आंधळी कोशिंबीरच ती!

"आम्हाला ही विद्या शिकवाल का?" ताईंनी विचारलं. अभियंते गप्प. बराच वेळ गप्प. ताईंच्या वकिलांना वाटलं, पाहुण्यांना रक्कम कमी पडतेय. ते आपले वाढवत सुटले. तेव्हा दोन्हीकडचं बोलणं समजावून सांगणारी दुभाषी मुलगी ताईंच्या कानाशी लागली. "ताई, वकीलसाहेबांना आवरा. पाहुणे नाही म्हणत नाहीयेत. मोठ्या प्रश्नाला पटकन उत्तर देणं त्यांच्याकडे उथळपणाचं समजतात."

उलटही झालं. अभियंत्यांनी एक अट घातली. ताई गोड हसून म्हणाल्या, "बघू." अभियंत्यांनी समाधानाने मान हलवली.

"ताई, त्यांनी होकार धरला!" दुभाषी कुजबुजली.

"अगं बाई! आमच्या घरात तर 'बघू' म्हणजे साफ नाही!"

दुभाषीने तेही अभियंत्यांना सांगून टाकलं. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यानंतर मात्र बोलणी सरळ होऊ लागली. सही तेवढी बाकी होती.

आणि माशी शिंकली. समुद्रातल्या एका हद्दीवरून दोन्ही देशांत वाजलं. परक्यांना कोणत्या वस्तू द्यायच्या नाहीत, हे अभियंत्यांच्या सरकारने जाहीर केलं, आणि त्यांत माझं भिंग निघालं! बाळाचा डोळा बघणारं भिंग तोफेलाही नेम धरायला शिकवेल म्हणे. मला परत न्यायला इकडचं सरकार परवानगी देईना, वापरायला तिकडचं. शेवटी अधिकाऱ्यांनी मला कारखान्यातल्या लोखंडी कपाटात ठेवून सील ठोकलं. "याला कुणी हात लावणार नाही," असा शब्द ताईंनी दिला आणि त्या एका शब्दावर अभियंते आपल्या सरकारकडे जामीन राहिले.

मित्रांनो, ज्या टेबलावर माझं एवढं कौतुक झालं, ते भिंतीपलीकडे होतं. मी मात्र अंधारात पडून राहिलो. वर्षं गेली. कपाटावर रिकामे खोके रचले गेले. मी आत आहे, हेही नवी माणसं विसरली.

मग एक दिवस कपाटासमोर रडण्याचा आवाज आला. ताईंच्या धाकट्या बहिणीची लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. तान्ही मुलगी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तिला हलवणं धोक्याचं, आणि डोळ्यांचे तज्ज्ञ दूरच्या शहरात. "आतली चित्रं पाठवा, मी इथून बघून सांगतो," असं ते म्हणाले होते. फार तर आठवडाभर थांबता येणार होतं.

"तोड ते सील," बहीण म्हणाली.

"मी शब्द दिलाय गं. तिकडे त्या माणसाला तुरुंगात टाकतील."

"तुझा शब्द मोठा, की माझी नात?"

दुभाषी शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "यंत्राबद्दल बोलायला बंदी आहे, ताई. बाळाबद्दल बोलायला कुठे आहे?" आणि तिने तिथूनच अभियंत्यांना फोन लावला.

तिकडे काय घडलं, ते मागाहून कळलं. अभियंते आणि त्यांची बायको रोज सकाळी सरकारी कचेरीच्या बाकावर जाऊन बसत. अधिकारी कडक होता. पण एकदा त्यानेच मान वर करून विचारलं, "बाळाचं वजन किती आहे?" परिचारिकाबाईंनी सांगितलं. मग फक्त उपचारापुरती परवानगी घ्यायला तो साहेबांच्या खोलीत गेला.

आठवडा सरता सरता इकडच्या अधिकाऱ्याने माझं सील काढलं आणि मला दवाखान्यात नेलं. इतक्या वर्षांनी माझ्या भिंगावर उजेड पडला, आणि समोर मुठीएवढा चेहरा! उजव्या डोळ्यात नसा वाकड्या चालल्या होत्या. मी ते स्पष्ट दाखवलं. तज्ज्ञ स्वतः धावत आले. दृष्टी वाचली.

देशांमधलं वैर ओसरल्यावर अभियंते पुन्हा आले. आता करार वेगळा होता. भिंग ते बंद डबीत पाठवणार, बाकीचा कॅमेरा इथे घडणार. ताईंना हवी होती तेवढी विद्या मिळाली नाही, पण कॅमेरे मिळणार होते. सही करण्याआधी अभियंते म्हणाले, "तुम्ही सील तोडलं नाहीत. म्हणून आमचं सरकार तयार झालं."

ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मी तोडणार होते. परवानगीची वाट फक्त आठवडाभर बघणार होते."

दुभाषी अडखळली. "हे सांगू?"

"जसंच्या तसं सांग."

ऐकून अभियंत्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं. मीही तोडलं असतं. म्हणून तर रोज त्या बाकावर जाऊन बसलो."

मित्रांनो, आज माझ्याहून चपळ, हलके कॅमेरे या कारखान्यातून बाहेर पडतात. मी खिडकीजवळ निवांत असतो. तुम्ही मोठे व्हाल, देशांच्या वतीने टेबलाशी बसाल. तेव्हा भांडा, हवं तर हट्टही धरा. पण समोरच्याच्या घरी कोण आहे, हे एकदा जरूर विचारा.