हात लावला तो मोहरा

उकंडा वीस वर्षं बुद्धिबळ खेळला आणि त्यानं एकदाही मोहऱ्याला हात लावला नाही. यात जादू काही नव्हती. रामराव पाटील ओसरीवर पट मांडून लोडाला टेकायचे आणि गावचा कोतवाल उकंडा खाली अंगणात उकिडवा बसायचा. तो खालून चाल सांगायचा आणि पाटील त्याचाही मोहरा आपल्याच हातानं सरकवायचे. महाराच्या बोटानं सागवानी मोहरे बाटतात, अक्कल मात्र बाटत नाही, अशी पाटलांची सोयीची समजूत होती. गावात दुसऱ्या कुणाला खेळ येत नव्हता ना!

अंगणातून पट धड दिसत नसे, म्हणून उकंडानं तो डोक्यातच मांडून घेतला. चौसष्ट घरं त्याला आपल्या वस्तीतल्या घरांसारखी पाठ होती. पाटलांचं भारी प्रेम वजिरावर. दुसऱ्या-तिसऱ्या चालीतच तो बाहेर काढायचा आणि दिसेल त्याच्यावर धावून जायचं, अगदी पाटील स्वतः जायचे तसंच. उकंडाची रीत निराळी. पटावर गर्दी आहे तोवर घोडा, कारण तोच एकटा डोक्यांवरून उडी मारतो. प्यादी विरळ होऊन तिरप्या वाटा मोकळ्या झाल्या की उंट. हत्ती दमानं, सरळ पट्टी साफ झाल्यावर. आणि वजीर राजाजवळ राखून ठेवायचा, कारण त्याला गमावलं की बाकीच्यांचा जीव अर्धा होतो. ज्याचं काम त्यानंच करावं आणि वेळ आल्यावरच करावं, एवढंच त्याचं शास्त्र होतं.

तरीही उकंडा हरायचाच. पाटील त्याचा मोहरा मुद्दाम दोन घरांच्या रेघेवर ठेवायचे आणि अंगाशी आलं की म्हणायचे, "अबे उकंड्या, तुहा उंट इथं कुठी होता? त्या घरात होता!" आणि बोटानं शेजारच्या घरात ढकलायचे. "पाटील, नीट घरात ठेवा जी," हे उकंडानं किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. पण अंगणातल्या माणसाचं ओसरीवर कोण ऐकतं?

छप्पन सालच्या दसऱ्याला उकंडा बायको कौसल्येसह नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्या आल्या त्यानं कोतवालकी सोडली आणि बाभुळगावच्या जिनिंग कारखान्यात कापूस वाहायला लागला. पाटलांनी दोनदा निरोप धाडला. "पटापाशी बसवत असान त येतो," असं उकंडानं कळवलं. त्यावर ओसरीवरून पुन्हा निरोप आला नाही. पाटील पाच वर्षं एकटेच दोन्ही बाजूंनी खेळले आणि, लोक म्हणायचे, तिथंही खोडी करत होते.

एकसष्टच्या दिवाळीच्या सुट्टीत देवीलाल मास्तरांनी बाभुळगावच्या शाळेत तालुक्याचे सामने भरवले. मास्तर तांड्यातले, मोठे सरळ मनाचे. कुणीही यावं, समोरासमोर बसावं, आपले मोहरे आपण चालवावे. पाटलांनी नाव दिल्याचं कळलं तसं उकंडानंही दिलं. निघताना तो कौसल्येला म्हणाला, "मले कप-बिप नाही पाह्यजे. एक डाव पाटलाच्या समोर बसून, चार लोकाइच्या देखत, माह्या हातानं मात द्याची हाय. बस."

"देऊनच या," ती म्हणाली.

पहिल्या डावात मोहरा हातात घेतला तेव्हा तो त्याला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी हलका निघाला. सवयीनं तो प्रत्येक चाल आधी तोंडानं बोलायचा आणि मग हात उचलायचा. पोरं हसली. त्यानं दोन डाव जिंकल्यावर हसणं बंद झालं. शेवटचा डाव रामराव पाटलांशी आला. पाटील बाकावर बसले, फेट्याचा शेमला सारखा केला आणि उकंडाकडे न बघता प्यादं पुढं केलं.

दोन तासांत पाटलांना घाम फुटला. त्यांचा लाडका वजीर उकंडाच्या घोड्यानं केव्हाच गिळला होता. शेवटी पाटलांनी सगळा जोर एका हत्तीत आणला. तो उकंडाच्या राजावर सरळ रोखला होता आणि त्याच्या पाठीशी उंट होता. उकंडानं आपला वजीर मध्ये आडवा घातला. वजीर आता अडकला, तो कुठं पळतो, असं समजून पाटलांनी आधी एक प्यादं सरकवलं. आता चाल उकंडाची होती, आणि घोडा उचलून ठेवला की मात होती. त्यानं तीनदा तपासून पाहिलं. मात होती.

तेवढ्यात त्याची नजर वजिरावर गेली. वजीर रेघेवर उभा होता. ठेवला त्यानंच होता. डोक्याला पट पाठ होता, पण हाताला त्याची सवय नव्हती. मात दिली की पाटील म्हणणार, वजीर या घरात नव्हताच! वीस वर्षांचा राग दाटून आला. आज ती वाटच ठेवायची नाही म्हणून त्यानं दोन बोटांनी वजीर नीट घराच्या मधोमध सरकवला, आणि मग घोड्याकडे हात नेला.

"थांब! मास्तर, वजिराले हात लावला यानं," पाटील म्हणाले.

मास्तरांनी सकाळीच नियम वाचला होता की आपल्या चालीला ज्या मोहऱ्याला हात लागेल तोच चालवावा लागेल. उकंडानंही तो ऐकला होता. मास्तरांचा चेहरा उतरला. "उकंडाभाऊनं निसता नीट ठेवला, पाटील. समोरच्यानं सोडून देलं त चालते. तुमी सोडता का?"

उकंडानं पहिल्यांदाच पाटलांच्या डोळ्यांत पाहिलं. त्याला वाटलं, सोडतील. वीस वर्षांत एवढी तरी लाज उरली असेल.

"कायले सोडू?" पाटील बाकावर रेलून म्हणाले. "आता सारे बरोबरीचे झाले न, मास्तर? मंग नियम बी साऱ्याइले एकच पाह्यजे."

कुणीतरी मागून हसलं. उकंडाच्या अंगाची लाही लाही झाली. वजीर हलला तर त्याच पट्टीत हलणार, राजासमोरून बाजूला होता येत नव्हतं. त्यानं वजिरानं हत्ती मारला. पाटलांच्या उंटानं वजीर खाल्ला आणि तिथं बसून घोडा ज्या घरात उडी घेणार होता तेही राखलं. पुढच्या बारा चालींत उकंडाचा राजा कोपऱ्यात मेला. पाटलांनी त्याच्या एकाही मोहऱ्याला बोट लावून ढकललं नाही. गरजच पडली नाही.

घरी आला तेव्हा कौसल्या दारातच उभी होती. त्याचं तोंड पाहून ती फणकारली, "पाटलानं आज बी फसवलं न?"

"नाही."

"खोटं नोका बोलू. वीस वर्सं पाहून राह्यले मी. त्यानंच काहीतरी केलं असन."

उकंडा उंबऱ्यावर बसला. हो म्हटलं असतं तर तिचं समाधान झालं असतं आणि त्याचंही. आजवरची प्रत्येक हार त्यानं पाटलाच्या नावावर टाकून सुखानं झोप काढली होती.

"पाटलानं काही केलं नाही व," तो म्हणाला. "आज मी खरंच हरलो."