निळा कोंबडा

नववर्षाच्या सणाआधीचा शाळेचा शेवटचा दिवस. पिवळ्या मातीच्या डोंगरातल्या त्या शाळेत सकाळपासून खळीचा वास भरला होता. दुपारी हेडमास्तर सगळे वर्ग बघणार आणि सर्वांत शोभिवंत वर्गाचं नाव घंटेजवळच्या फळ्यावर लिहिणार. थान सरांच्या वर्गाचं नाव त्या फळ्यावर आजवर कधी लागलं नव्हतं. यंदा मात्र खिडक्या लाल कागदी कातरकामाने नुसत्या पेटल्या होत्या. मासे, डाळिंबं, गुबगुबीत बाळं.

"दाफू, हा मासा आहे की वहाण?"

"मासाच आहे सर. म्हातारा झालाय."

वर्ग हसला, सरही हसले. हसतहसतच ते शेवटच्या खिडकीपाशी आले, तर काचेवर निळा कोंबडा! छाइयुन त्याची शेपटी अंगठ्याने दाबून बसवत होती. तिच्यासारखी कात्री वर्गात कुणाची चालत नसे. तिच्याच भरवशावर सर यंदा त्या फळ्याकडे डोळे लावून बसले होते.

"हे काय गं? लाल कागद संपला?"

"नाही सर."

"मग?"

ती शेपटी दाबतच राहिली. सरांनी नखाने कोंबडा उचकटला. तुरा काचेलाच राहिला.

"घरी कुणी मेलंबिलंय की काय, निळा लावायला?"

या थट्टेला कुणीच हसलं नाही. दाफूनेही मान खाली घातली.

तेव्हा कुठे त्यांना आठवलं. सुगी संपताना छाइयुनचा काका डोक्याला पांढरं फडकं बांधून वर्गाच्या दारात आला होता. "हिची आजी गेली, सर. पोरीला न्यायला आलोय." आणि हातातल्या पुस्तकातून मान वर न काढता आपण म्हणालो होतो, "हो, हो, न्या." सुतकातल्या घरचं माणूस त्या वर्षी सणाला लाल कागद लावत नाही, हे काय त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? स्वतःची आई गेली त्या वर्षी त्यांच्याही दारावर निळाच कागद होता.

"चुकलं सर," छाइयुन हळूच म्हणाली. "कोंबडा आजीनेच शिकवलेला. माझी खिडकी रिकामी दिसली असती, म्हणून लावला. तुम्हाला कुठून माहीत असणार!"

"अगं, पण तुझा काका सरांनाच सांगून—" युएहोंगने तोंड उघडलं. दाफूने तिला कोपर मारलं.

"गप गं! सरांनी कुणाकुणाचं लक्षात ठेवायचं?"

पोरं सरांची अब्रू झाकत होती. 'मला सांगितलं होतं' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही.

"हं," थान सर म्हणाले, "मला कुठून माहीत असणार."

मग त्यांनी खळीची वाटी उचलली आणि कोंबडा पुन्हा काचेवर लावू लागले. लावताना वर्गाकडे पाठ होती, तेवढंच बरं.