भिंतीवरची परात

पिंगळीत मल्लम्माच्या परसात जांबाचं एकच झाड होतं. पुण्याकडं पेरू म्हणतात, तोच आपला जांब. श्रावणात तो पिकला, की पहिलं फळ महादेवाला जायचं आणि बाकीची गल्लीतल्या पोरांना. शेवटच्या सोमवारी पोरं देवळाच्या पायरीवर रांगेनं बसत आणि मल्लम्मा एकेकाच्या ओंजळीत फळ ठेवी. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. हे कुणी बोलून दाखवत नसे.

त्रास होता तो वानरांचा. दुपारी ती पत्र्यांवरून दणादणा येत, अर्धं खात आणि अर्धं फेकत. म्हणून मल्लम्मा आणि शेजारच्या कस्तुराबाईनं राखण वाटून घेतली होती. दोन्ही परसांमधल्या भिंतीवर कस्तुराबाईची जुनी परात टांगलेली असे. सकाळी ती मल्लम्मा बडवी, दुपारी कस्तुराबाई. इकडं जांब, तिकडं डाळिंबं. एका आवाजात दोन्ही वाचत.

यंदा मात्र जांबच लुटला जात होता.

"आवो वैनी, बडवून बडवून माझं मनगट गेलं," कस्तुराबाई म्हणायची. "न्हाईच ऐकायलेत मेली! यंदाची वानरं बहिरी हायत का काय की!"

मल्लम्मा हसायची आणि संध्याकाळी तिच्या मनगटाला तेल चोळून द्यायची. सकाळी झाडताना जांबाखाली भाकरीचे तुकडे सापडत. वानरांनीच कुठून तरी आणले असतील, असं म्हणून ती ते केरात लोटी.

एका दुपारी तहानेनं तिला लवकर जाग आली. मागच्या दाराशी आली, तर परात गप्प होती. भिंतीवरून हिरव्या बांगड्यांचा एक हात आला आणि जांबाच्या बुंध्याशी भाकरीचे तुकडे टाकून मागं गेला. त्याच मनगटाला तिनं काल तेल चोळलं होतं.

थोड्या वेळानं वानरं आली. आधी भाकरीवर उतरली, मग झाडावर चढली. डाळिंबांकडं एकानंही पाहिलं नाही. त्यांना हाकलावं, हेही मल्लम्माला सुचलं नाही. ती दारातच बसून राहिली. वानरं गेल्यावर मात्र तिनं उरलेले तुकडे वेचले आणि फडक्यात बांधून ठेवले.

संध्याकाळी तिनं झाडावरचे राहिलेले जांब कच्चेच उतरवले.

"ह्या दगडांचं काय करतीस?" तिचा नवरा धोंडप्पा म्हणाला. "पोरांचे दात पाडायचे हायत का?"

"पोरं पायरीवर बसली, की काय देऊ मग?"

ती विळी घेऊन बसली. काही जांब किसून त्यात गूळ, जिरं आणि हिरवी मिरची घातली. काही शिजवून, बिया गाळून गुळात आटवले आणि वड्या पाडल्या. राहिलेल्यांचं लोणचं घातलं. सोमवारी तिनं महादेवापुढं कच्चाच जांब ठेवला. पोरांनी मात्र द्रोण चाटूनपुसून साफ केले.

"आज्जी, फुडल्या वर्षीबी असंच कर!" एक पोरगी म्हणाली.

घरी येऊन मल्लम्मानं भिंतीवरची परात काढली आणि घासली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, अशी दोन्ही घरांची रीत. तिनं परातीत लोणचं वाढलं. मग लोणचं पुन्हा बरणीत भरलं, परात पुसली आणि फडकं सोडून भाकरीचे तुकडे त्यात ठेवले.

"हे काय ओ वैनी?" कस्तुराबाईनं दारातच विचारलं.

"तुमचंच हाय."

कस्तुराबाईची नजर खाली गेली. "दोन-चार जांब जातील, असं वाटलं. माझी डाळिंबं लय थोडी हायत, वैनी. आन् तुमी तरी काय, लोकांच्या पोरांलाच वाटता की."

"व्हय," मल्लम्मा म्हणाली. "लोकांच्याच पोरांला."

दुसऱ्या दिवशी दुपारी वानरं आली. जांबावर काहीच उरलं नव्हतं. भिंतीपलीकडं परात वाजू लागली आणि वाजतच राहिली.

"वैनी! ओ वैनी! तिकडून हाकला की!"

मल्लम्मा लोणच्याच्या बरणीला फडकं बांधत होती. तिनं गाठ आवळली आणि उठून मागचं दार लावून घेतलं.