ठरलेली चाल

बूटवाले काका गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे कधी बघायचेच नाहीत. बूट उलटा करायचे, टाच कुठे झिजलीय ते बघायचे, की झाली माणसाची ओळख. "लोकांना वाटतं, आपण आपल्या मर्जीनं चालतो. कसली मर्जी अन् कसलं काय! चाल ठरलेलीच असते," हे त्यांचं पालुपद. काकूंच्या नव्या चपलेला तर ते डाव्या टाचेखाली आधीच पट्टी ठोकून ठेवत, आणि मेली चप्पल झिजायचीही नेमकी तिथंच!

इथवर ठीक होतं. पण एकदा दुकानात बसल्या बसल्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "घरचे सगळे नको म्हणत होते, तरी मी तुम्हाला हो म्हटलं."

काका टाका घालता घालता म्हणाले, "त्यात तुझं काय? तू म्हणणारच होतीस."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. अख्ख्या आयुष्यात स्वतःच्या मनानं केलेली ही एक गोष्ट, तिच्यावरही या बाबानं पाणी फिरवावं?

"मी चालले बहिणीकडे. आता येते का बघाच!"

"जा की. उद्या दुपारच्या बसनं येशील."

दुसऱ्या दिवशी काकूंनी दुपारची बस हट्टानं सोडली. वर बहिणीला म्हणाल्या, "बसू दे वाट बघत!" पण चहा ओतता ओतता मनात आलं, नुसतं त्यांना खोटं पाडायला इथं राहायचं, म्हणजे दोरी पुन्हा त्यांच्याच हातात. मग मला काय हवंय? उत्तर लगेच आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. हवा होता तो खडूस म्हातारा. त्या पुढच्या बसनं निघाल्या.

थांब्यावर काका उभे! एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात गिऱ्हाईकाचा बूट.

"अगंबाई! मी येणार हे ठरलेलं होतं ना? मग दुकान बंद करून इथं कशाला?"

"दुपारच्या बसमधून तू उतरली नाहीस," काका म्हणाले. "म्हटलं, आता नाहीच आली तर? जीव थाऱ्यावर राहिला नाही गं."

काकूंना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. काका आज चपलेकडे नाही, थेट त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"तेव्हा नाहीसुद्धा म्हणाली असतीस तू," ते हळूच म्हणाले. "तरी हो म्हणालीस."

"म्हणाले खरी," काकूंनी त्यांचा हात धरला. "चला आता. तो बूट द्यायचाय ना कुणाचा?"