चौदा पाउंड हवा

विमान धावपट्टीवर टेकताना त्याचा सगळा भार ज्या रबरावर येतो, त्या रबराची काळजी नरहर शेलारांनी एकतीस वर्षं वाहिली होती. वाईजवळच्या खेड्यातून अठराव्या वर्षी हवाई दलात शिरलेला हा माणूस लखनौच्या तळावरून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाला आणि सरोजिनी नगरात छोटंसं घर बांधून इथलाच होऊन गेला. त्यांच्या हाताखालून गेलेला टायर विमान उतरताना फुटला, असं एकदाही घडलं नव्हतं. हे ते आपणहून कुणाला सांगत नसत. पण कुणी विचारलंच, तर मग घाईही करत नसत.

म्हणून सत्त्याण्णवच्या एप्रिलात त्यांची मुलगी चित्रा जेवताना म्हणाली, की संस्थेच्या जिप्सी गाडीला नवे टायर घ्यायचेत आणि कुठले ते ठरवायचं काम तिच्याकडे आलंय, तेव्हा नरहरांनी घास गिळेपर्यंत उत्तर तयार ठेवलं. आता ही विचारील. पण तिने ताक मागितलं आणि उठून गेली. आठवडा झाला, दहा दिवस झाले, तरी विचारणा नाही.

चित्रा एकोणतीस वर्षांची, पीएच.डी. झालेली. एका सरकारी संशोधन संस्थेत नद्या काठ कशा खातात याचा अभ्यास करायची. महिन्यातले दहा-बारा दिवस घाघरा नदीच्या काठाने हिंडणं, तेही बहुतेक वेळा स्वतः गाडी चालवत. घरात बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. बापाचं नाक तिने जसंच्या तसं घेतलं होतं, आणि हट्टही.

अकराव्या दिवशी ती लखनौच्या लालबागेत टायर बघायला निघाली, तेव्हा नरहर म्हणाले, त्यांनाही तिकडेच एक काम आहे. काम काही नव्हतं. त्यांची बायको गीता हसू दाबत आत गेली.

दुकानदाराने तीन प्रकारचे टायर पुढे मांडले आणि सगळी माहिती नरहरांकडे बघून दिली. एक गुळगुळीत नक्षीचा, निव्वळ डांबरी रस्त्याचा. दुसरा खोल दातांचा, ट्रॅक्टरच्या चाकाची आठवण करून देणारा. तिसरा या दोहोंच्या मधला, नुकताच दिल्लीहून आलेला. त्याला तो ऑल-टेरेन म्हणत होता.

"बाबूजी, नदी-नाले में जाना है तो यही ले जाइए," असं म्हणत त्याने खोल दातांच्या टायरवर थाप मारली.

नरहरांनी दातांत बोट घालून खोली पाहिली, रबर दाबलं आणि मान डोलावली. त्यांचंही उत्तर हेच होतं. नदीकाठ म्हणजे चिखल, चिखलाला दात हवेत.

चित्राने पर्समधून एक वही काढली. गेल्या वर्षभरात गाडी किती चालली आणि कशावरून चालली, हे तिने रोजच्या रोज लिहून ठेवलं होतं. शंभरातले सत्तर किलोमीटर डांबर, पंधरा खडी, बारा वाळू. चिखल जेमतेम तीन.

"आबा, तीन किलोमीटरसाठी सत्तर किलोमीटर ओरडत कशाला जायचं?" ती म्हणाली. "पाऊस पडल्यावर डांबरावर ब्रेक लागायला हवा. आणि वाळूत हे दात खोदते जाएँगे, बस."

मग तिने मधल्या प्रकारचे दोन मापांचे टायर मागितले. रुंद माप दिसायला रुबाबदार होतं. ते पुढच्या चाकाला बसवून तिने स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं, खाली वाकून पाहिलं, परत उलट फिरवलं. एका बाजूला टायर आतल्या पोलादी पट्टीला घासत होता. तिने रुंद माप बाजूला ठेवलं आणि कंपनीचं मूळ माप असलेले पाच घेतले. चार चाकांना आणि एक स्टेपनीसाठी. दुकानदार आता तिच्याशी बोलू लागला होता.

घरी आल्यावर गीताने विचारलं तेव्हा नरहर एवढंच म्हणाले, की पोरीने स्टिअरिंग फिरवून पाहिलं हे बरोबर केलं. पण टायर चुकले. वाळूबिळू ठीक आहे, पण जुन्या माणसाला विचारण्यात काही कमीपणा नव्हता. गीता म्हणाली, तिने विचारलं असतं तर तुम्ही तिला ठरवू दिलं असतंत का? त्यावर नरहर वर्तमानपत्र शोधू लागले.

जूनच्या तेरा तारखेला ड्रायव्हर शिवबरन तापाने आडवा झाला. घाघरेपलीकडच्या तीन गावांत पाण्याची पातळी मोजायचे खांब आणि यंत्रं पुराआधी बसवायची होती. पलीकडे जायचा रस्ता पीपे के पुलावरून, म्हणजे लोखंडी पिंपांवर फळ्या टाकून केलेल्या तरत्या पुलावरून. पावसाळ्याआधी तो दर वर्षी सोडवून काढून ठेवतात. तो चौदा तारखेला चार वाजता सुटणार होता. एकटीने जायची तिची तयारी होती, पण त्या रात्री ती नरहरांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"आबा, चलाल का माझ्याबरोबर?"

नरहरांनी पंप आणि हवेचं मीटर पिशवीत भरलं, तेच त्यांचं उत्तर.

सकाळी नऊला ते पूल ओलांडून गेले आणि पुढे थांबले. पुलापासून पक्क्या बांधापर्यंत जवळजवळ अर्धा मैल नुसती वाळू होती. एरवी तिच्यावर लोखंडी पत्रे अंथरलेले असत. पुलाच्या ठेकेदाराने ते कालच उचलले होते. वाळूच्या सुरुवातीलाच त्याची जीप आसापर्यंत रुतून बसली होती. तिचे टायर खोल दातांचे होते. चार मजूर फावड्याने तिच्या पोटाखालची वाळू उपसत होते आणि एक जण सावलीत बसून विडी ओढत होता.

नरहरांनी त्या चाकांकडे पाहिलं. दातांनी स्वतःची कबर खणली होती. चित्राने त्यावरून त्यांना टोकलं नाही, आणि हे त्यांच्या लक्षात आलं.

ती खाली उतरली, पुढच्या चाकापाशी बसली आणि व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून हवा सोडू लागली.

आयुष्यभर नरहरांनी टायरमधली हवा राखली होती. पाच पाउंड कमी भरली म्हणून एका पोराची त्यांनी रजा रद्द करवली होती. आणि इथे त्यांची मुलगी चोवीस पाउंडांची हवा मुद्दाम घालवत होती.

"किती ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"चौदा. टायर पसरतो आबा, उंटाच्या पावलासारखा. मग वाळूत बुडत नाही. दातांचा टायर जाड असतो, तो एवढा पसरतच नाही."

"रिमवर सरकेल. ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटेल."

तिने वर पाहिलं. "हो. म्हणूनच चौदाच्या खाली नाही. पण सरकला तर मला कळणार कसं, हे नाही माहीत."

नरहरांनी खांब रंगवायला आणलेला पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, ब्रश घेतला आणि पहिल्या चाकापाशी गुडघे टेकले. रिमवरून सुरू होऊन टायरवर जाणारी बोटभर रुंदीची एक सरळ रेघ त्यांनी ओढली. मग दुसऱ्या चाकावर, तिसऱ्या, चौथ्या.

"विमानाच्या प्रत्येक चाकावर असते ही," ते म्हणाले. "रेघ जुळलेली आहे तोवर टायर जागेवर. तुटलेली दिसली, की थांबायचं."

"इतने साल में कभी बताया नहीं."

"तू विचारलं नाहीस."

दोघंही थोडं हसले. रंग वाळेपर्यंत चित्रा वाळूतून पायी हिंडून आली, कुठे टणक आहे ते टाचेने दाबून पाहत. मग चारही चाकांना जोर लावून, दुसऱ्या गिअरमध्ये तिने गाडी काढली. ना ब्रेक, ना झटका. वाळू चाकांखाली दबत होती, उडत नव्हती. मजूर फावडी टेकून बघत राहिले.

मध्यावर गवत उगवलेला एक घट्ट उंचवटा होता. तिथे थांबून नरहर चारही चाकं फिरून आले. तीन रेघा अखंड होत्या. मागच्या डाव्या चाकाची रेघ बोटभर सरकली होती. यंत्रांच्या पेट्या त्याच बाजूला होत्या. त्यांनी तिला हात धरून रेघ दाखवली. तिने एकही प्रश्न न विचारता पेट्या पुढे घेतल्या, आणि नरहरांनी त्या चाकात पायपंपाने तीन पाउंड हवा वाढवली. उरलेली वाळू त्यांनी तशीच पार केली. बांधावर चढल्यावर पुन्हा पाहिलं, तर रेघ होती तिथेच होती.

आता सगळी हवा परत भरायची होती. दहा वाजले होते, ऊन डोक्यावर येत होतं, आणि नरहर त्रेसष्ट वर्षांचे. चित्राने दोनदा पंप मागितला, त्यांनी दिला नाही. बांधावरचा एक म्हातारा शेतकरी जवळ येऊन उभा राहिला. ठेकेदाराची गाडी फसली नि ही कशी आली, असं त्याने विचारलं. मग नरहरांनाच म्हणाला, "आप बड़े पक्के डिराइवर हैं साहब."

"मैं तो हवा भरने वाला हूँ," नरहर म्हणाले. "गाड़ी इन्होंने चलाई. टायर भी इन्हीं के चुने हुए हैं. मेरी बेटी है." एवढं बोलून ते पुन्हा पंपावर पाय मारू लागले. मान खाली होती, तरी त्यांचा चेहरा चित्राला दिसला.

खांब तिन्ही गावांत बसले. येताना पुन्हा हवा सोडून त्यांनी वाळू ओलांडली; साडेतीनला ते अलीकडच्या काठावर होते, आणि तासाभरात पूल सुटला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या एका गावच्या शाळामास्तराने खांबावरचे आकडे तारेने कळवले. चित्राने त्यावरून हिशेब मांडला, तहसीलदाराला फोन केला आणि गाव रिकामं करायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नदीने काठावरची चौदा घरं नेली. घरांत कुणी नव्हतं.

पुढच्या महिन्यात संस्थेने उरलेल्या दोन गाड्यांनाही तेच टायर घेतले आणि वाळूत गाडी कशी न्यायची ते ड्रायव्हरांना शिकवायला चित्राला सांगितलं. चाकांवर रेघा ओढायचा भाग तिने आबांवर सोपवला. नरहर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. शिवबरन आणि आणखी दोघे ब्रश घेऊन समोर उभे होते. शिवबरनने अदबीने विचारलं, गुरुजी, हे टायर तुम्हीच पसंत केलेत ना?

"नाही," नरहर म्हणाले, "मी दुसरे सांगत होतो. हे डॉक्टर शेलारांनी निवडलेत." आणि पहिल्या चाकापाशी गुडघे टेकून बसले.