कागदी दिव्याला काय हवं होतं?

मी एक जुना कागदी दिवा आहे. या नववर्षाला मला शंभर वर्षं पूर्ण झाली, म्हणून तर बोलता येतंय. आमच्या जपानात शंभरी गाठलेल्या वस्तूला जीव येतो, असं मानतात.

मित्रांनो, कुरातांच्या घरी मी भुतांच्या गोष्टींचा सोबती होतो. भर उन्हाळ्यात, दुपारी, खिडक्या लावून शिगेनोआजी गोष्टी सांगत. अंगावर शहारा आला की उकाडा विसरायला होई. नव्याण्णव गोष्टी झाल्या की त्या थांबत, कारण शंभराव्या गोष्टीला खरंच कुणीतरी येतं म्हणे. पुढे घरात विजेचे पंखे आले. मी माळ्यावर गेलो आणि माझा कागद फाटला. फार वाईट वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात आजींचा मुलगा मोरिओ नॉर्वेहून बायको घेऊन आला. सिग्रिड तिचं नाव. तिच्यासाठी आजींनी पुन्हा गोष्टी काढल्या, मला माळ्यावर ऐकू येत होत्या. तिनेही एक सांगितली. गिरणीत भूत, गावात धाडसी तरुण, कुऱ्हाडीचा एक घाव, गोष्ट संपली. तिकडे अशा शेवटाला टाळ्या पडतात. इथे सगळे पुढचं ऐकायला सरसावून बसले.

"पण त्याला हवं काय होतं?" आजींनी विचारलं.

"कुणाला, आई?"

"भुताला गं. एवढं धडपडत आलेलं, कुणी विचारलंसुद्धा नाही?"

आजींच्या गोष्टीत समुद्रात बुडून मेलेला कोळी ओलाच दारात उभा राही. बायको त्याला गरम भात वाढी. पुढच्या वर्षी तो पुन्हा येई.

डिसेंबरात वर्षअखेरची साफसफाई निघाली. मोरिओ इंजिनिअर आहे, पण भुताखेतांवर विश्वास ठेवण्यात आजोबांच्या वरताण. त्याने मला अंगणात कचऱ्यापाशी ठेवलं.

"शंभर भरायच्या आत हा गेलेला बरा. नंतर घरभर फिरेल."

टाकलेली वस्तूच रुसून भूत होते, हे तो घाईत विसरला. आता सिग्रिड कुऱ्हाड मागणार, असं मला वाटलं. पण ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"काय हवंय रे तुला?"

"दिव्याशी काय बोलतेस?"

"फिरणार आहे म्हणालास ना? मग आत्ताच विचारलेलं बरं."

आजी तोंडाला पदर नाही, हातरुमाल लावून हसल्या. सिग्रिडने फाटक्या जागेवर बोट फिरवलं, भाताची खळ केली आणि नवा कागद चिकटवला.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर टाका, पण आधी क्षणभर तिच्यापाशी बसा. मोरिओ अजूनही झोपण्याआधी मी जागेवर आहे ना, ते बघून जातो. सिग्रिडला मात्र उत्तर द्यायचं राहिलंय. मला काय हवं होतं? कुणीतरी विचारावं, एवढंच.